संशयाचा कारखाना: हवामानबदल नाकारण्याचा इतिहास



आज मी हवामानशास्त्र शिकवायला उभा नाही. तापमान किती वाढलं, समुद्राची पातळी कुठवर चढेल, हे सांगणारी अधिकारी माणसं आहेत आणि त्यांनी ते वारंवार सांगितलं आहे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. एखादी गोष्ट आपल्याला 'माहीत आहे' असं केव्हा म्हणता येतं, पुरावा पुरेसा झाला हे कोण ठरवतं, शंका घेण्याचा हक्क कुठवर पोचतो, हे माझे जुने प्रश्न. त्या अंगानं एक इतिहास तुमच्यासमोर मांडायचा आहे.

प्रश्न असा आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळल्यानं पृथ्वी तापते, हे शास्त्रज्ञांना कळलं होतं. तेल कंपन्यांनाही कळलं होतं. तरीसुद्धा सामान्य माणसाला, विशेषतः अमेरिकेतल्या सामान्य माणसाला, 'यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही' असं पंचवीस-तीस वर्षं वाटत राहिलं. हे कसं झालं? अज्ञानामुळे झालं म्हणावं, तर पुरावा वाढत असतानाच हा गैरसमजही वाढला. तो वाढवला गेला. त्यामागे योजना होती, अंदाजपत्रक होतं, पगारी माणसं होती. आणि त्यातले बरेच कागद आज उघडे पडले आहेत, म्हणून हा इतिहास सांगता येतो.

संशय आणि वितंडा

आधी दोन-तीन जुने शब्द हाताशी घेऊ या. गौतमांच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. पहिला प्रमाण, दुसरा प्रमेय आणि तिसरा लगेच संशय. म्हणजे संशयाला आपल्या परंपरेत केवढं मानाचं पान आहे बघा! भाष्यकार वात्स्यायन म्हणतात की जे अजिबात ठाऊक नाही तिथे न्याय चालत नाही, जे ठरून गेलं आहे तिथेही चालत नाही. जिथे संशय आहे तिथेच तो कामाला लागतो. पण त्याच यादीत नववा पदार्थ आहे 'निर्णय'. संशय निघतो तो निर्णयाकडे जायला. देकार्तनं सतराव्या शतकात सगळ्यावर शंका घेतली, तीसुद्धा कुठेतरी भक्कम जमीन लागावी म्हणूनच.

निर्णयानंतर चर्चेचे तीन प्रकार येतात: वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे सत्य कळावं म्हणून केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. आणि वितंडा म्हणजे जिच्यात स्वतःची बाजू मांडायचीच नसते, फक्त समोरच्याची मोडायची असते. मराठीत आपण 'वितंडवाद' हा शब्द भांडखोर माणसासाठी सैलपणे वापरतो. मूळ अर्थ मात्र नेमका आहे. तो ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तंबाखूची शाळा

हवामानाची गोष्ट सिगारेटपासून सुरू होते. १९५० साली ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल, अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम, यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे अभ्यास प्रसिद्ध केले. १९५३ मध्ये उंदरांच्या पाठीवर तंबाखूचा डांबरासारखा अर्क चोळल्यावर त्यांना गाठी येतात, हे प्रयोगात दिसलं. वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या आल्या आणि तंबाखू कंपन्यांचे शेअर घसरले.

१९५३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात बड्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख एकत्र जमले. एरवी एकमेकांचे हाडवैरी. त्यांनी सल्ल्याला बोलावलं जनसंपर्क क्षेत्रातल्या जॉन हिल यांना, हिल अँड नोल्टन या संस्थेच्या मालकांना. कंपन्यांना शास्त्रज्ञांवर जाहिरातींतून तुटून पडायचं होतं. हिल यांचा सल्ला वेगळा होता. विज्ञानाशी भांडू नका, विज्ञानाच्या पोटात शिरा. तुम्हीच संशोधनाला पैसे द्या. आणि लोकांना एवढंच सांगत राहा की या प्रश्नावर मतभेद आहेत, अधिक संशोधनाची गरज आहे.

आता हे वाक्य ऐकायला किती सज्जन आहे! 'अधिक संशोधनाची गरज आहे' याला कोण नाही म्हणेल? प्रत्येक प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात हेच वाक्य असतं. त्याचा ढाल म्हणून उपयोग करता येतो, हे हिल यांनी ओळखलं.

४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत तंबाखू कंपन्यांचं एक पानभर निवेदन छापून आलं. त्यात लोकांच्या आरोग्याची काळजी होती, संशोधनाला मदत करण्याचं वचन होतं, आणि सिगारेट हेच कर्करोगाचं कारण असल्याचं सिद्ध झालेलं नाही, हे ठासून सांगितलं होतं. तंबाखू उद्योगाची संशोधन समिती स्थापन झाली, तिच्या शास्त्रीय बाजूच्या प्रमुखपदी क्लॅरेन्स कुक लिटल हे नामवंत आनुवंशशास्त्रज्ञ आले. संशोधन खरंच झालं, शोधनिबंध खरंच छापले गेले. फक्त ते कर्करोगाच्या इतर सगळ्या संभाव्य कारणांकडे वळवलेले असत.

१९६९ साली ब्राउन अँड विल्यमसन या तंबाखू कंपनीच्या एका अंतर्गत टिपणात एका अधिकाऱ्यानं या धंद्याचं मर्म लिहून ठेवलं. आशय असा: आपलं उत्पादन म्हणजे शंका, लोकांच्या मनात जी तथ्यं बसली आहेत त्यांच्याशी स्पर्धा करायचं तेच उत्तम साधन. सिगारेट हे उत्पादन नव्हे, शंका हे उत्पादन! न्यायशास्त्रातला तिसरा पदार्थ कारखान्यात तयार होऊ लागला.

याच सुमारास, १९६५ मध्ये, सिगारेटवरच्या त्या पहिल्या अभ्यासातले ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमध्ये एक व्याख्यान दिलं. (या दोन हिलांची गल्लत करू नका, एक संख्याशास्त्रज्ञ आणि दुसरे जनसंपर्कवाले.) त्यांचा मुद्दा असा होता की सगळंच वैज्ञानिक काम अपुरं असतं, पुढच्या ज्ञानानं ते बदलू शकतं, पण म्हणून आज हातात असलेलं ज्ञान दुर्लक्षित करण्याची किंवा त्यानुसार करायची कृती पुढे ढकलण्याची मुभा आपल्याला मिळत नाही. ज्ञानमीमांसेची एक अख्खी सहामाही या एका विचारात मावते.

कुणाला काय ठाऊक होतं

आता हवेकडे येऊ. कार्बन डायऑक्साइड उष्णता धरून ठेवतो, ही काही कालपरवाची कल्पना नाही. १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकी बाईंनी काचेच्या नळ्यांत वायू भरून उन्हात ठेवले आणि हा वायू जास्त तापतो हे दाखवलं. १८५९ मध्ये आयर्लंडच्या टिंडॉल यांनी मोजमाप केलं. १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी हवेतला हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशोब हातानं केला. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर तो वायू मोजायला सुरुवात केली. तेव्हा तो दर दहा लाख भागांत ३१५ भाग होता.

१९५९ साली अमेरिकी तेल उद्योगाची शताब्दी होती. त्यानिमित्त कोलंबिया विद्यापीठात झालेल्या परिसंवादात हायड्रोजन बाँबचे जनक एडवर्ड टेलर यांनी तेल उद्योगातल्या मंडळींसमोर सांगितलं की तुमच्या इंधनामुळे बर्फ वितळून किनाऱ्यावरची शहरं पाण्याखाली जाऊ शकतात. टेलर म्हणजे काही पर्यावरणवादी माणूस नव्हे! १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या अहवालातही हा इशारा आला, आणि अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल उद्योगाच्या संघटनेच्या अध्यक्षांनी त्याच वर्षी आपल्या सभासदांना त्याची माहिती दिली.

१९७७ च्या जुलैमध्ये एक्झॉनचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी कंपनीच्या सर्वोच्च व्यवस्थापनाला हाच विषय समजावून सांगितला. त्यानंतर एक्झॉननं जे केलं ते कौतुकास्पद होतं, हे सांगितलंच पाहिजे. १९७९ पासून त्यांनी आपल्या एका प्रचंड तेलवाहू जहाजावर यंत्रं बसवून समुद्रावरचा कार्बन डायऑक्साइड मोजला. स्वतःची संगणकीय प्रारूपं बनवली. २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात सुप्रान, राम्सटॉर्फ आणि ओरेस्केस यांनी एक्झॉनच्या १९७७ ते २००३ मधल्या भाकितांची तपासणी प्रसिद्ध केली. दर दशकाला साधारण ०.२० अंश सेल्सिअस वाढ होईल असा कंपनीच्या शास्त्रज्ञांचा सरासरी अंदाज होता, आणि त्यांची ६३ ते ८३ टक्के भाकितं पुढे प्रत्यक्षात अचूक ठरली. विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांच्या तोडीचं काम.

म्हणजे इथे अज्ञान नव्हतं. पण लोकांना काय सांगितलं गेलं? सुप्रान आणि ओरेस्केस यांनीच २०१७ मध्ये एक वेगळी मोजणी केली होती. एक्झॉन आणि मोबिल (या दोन कंपन्या १९९९ मध्ये एक झाल्या) यांचे शोधनिबंध, अंतर्गत कागद आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पैसे भरून छापलेले लेखवजा मजकूर त्यांनी समोरासमोर ठेवले. शोधनिबंधांपैकी ८३ टक्के आणि अंतर्गत कागदांपैकी ८० टक्के मान्य करत होते की हवामानबदल खरा आहे आणि माणसामुळे होतो आहे. वर्तमानपत्रातल्या मजकुरांपैकी ते मान्य करणारे फक्त १२ टक्के. ८१ टक्के शंका व्यक्त करणारे. तेच घर, पण माजघरात एक बोलणं आणि ओसरीवर दुसरं.

दहा वर्षांतला कारखाना

२३ जून १९८८ रोजी नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली की तापमानवाढ सुरू झाली आहे, आणि ती नैसर्गिक चढउतार नाही याची आपल्याला ९९ टक्के खात्री आहे. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरचं आंतरसरकारी मंडळ, स्थापन झालं. विषय प्रयोगशाळेतून राजकारणात आला. आणि पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, तेल, कोळसा, वीज, मोटारी अशा उद्योगांनी मिळून 'ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन' नावाची आघाडी काढली. नाव ऐकून वाटावं, हवामान वाचवणारीच संस्था! पुढे तिच्या जनसंपर्काचं काम पाहिलं ई. ब्रूस हॅरिसन यांनी. १९६२ साली रेचल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' आलं तेव्हा रसायन उद्योगाच्या बाजूनं त्याच्या विरोधातल्या मोहिमेत हेच गृहस्थ होते. कारागीर तेच, गिऱ्हाईक नवीन.

१९९१ मध्ये कोळसा आणि वीज कंपन्यांच्या एका गटानं काही मोजक्या अमेरिकी शहरांत चाचणी मोहीम चालवली. तिच्या आराखड्यात उद्देश स्पष्ट लिहिला होता: तापमानवाढीची लोकांच्या मनातली जागा 'तथ्य' इथून हलवून 'उपपत्ती' इथे न्यायची. कोणाला लक्ष्य करायचं तेही लिहिलं होतं: वयस्क, कमी शिकलेले पुरुष आणि तरुण, कमी उत्पन्नाच्या स्त्रिया. साबण विकताना जशी बाजारपेठेची पाहणी होते तशी ही पाहणी. लोक कंपनीच्या अधिकाऱ्यापेक्षा शास्त्रज्ञावर जास्त विश्वास ठेवतात हेही त्यात दिसलं, म्हणून बोलायला शास्त्रज्ञ पुढे करायचे ठरलं. कागद फुटले आणि ती मोहीम गुंडाळावी लागली; पण युक्ती टिकली.

१९९५ मधला एक कागद मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाचा वाटतो. ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशननं स्वतःच्या सभासदांसाठी तांत्रिक टिपण करून घेतलं. ते मोबिलसारख्या उद्योगांतल्याच शास्त्रज्ञांनी लिहिलं. त्यात म्हटलं होतं की हरितगृह परिणामाचा वैज्ञानिक पाया पक्का आहे, तो नाकारता येणार नाही. आणि विरोधक शास्त्रज्ञांच्या पर्यायी उपपत्ती पटण्यासारख्या नाहीत. हा विरोधकांविषयीचा भाग बाहेर वाटायच्या प्रतीतून गाळला गेला. २००९ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं ही गोष्ट उजेडात आणली.

आता न्यायशास्त्राकडे परत या. ज्याला स्वतःलाच संशय नाही, त्यानं दुसऱ्याच्या मनात पेरलेला संशय याला काय म्हणाल? आणि 'पृथ्वी का तापते आहे' याचं दुसरं उत्तर या मंडळींनी कधी नीट मांडलं का? एका वर्षी सूर्य, दुसऱ्या वर्षी ज्वालामुखी, तिसऱ्या वर्षी 'मुळात तापतच नाही', चौथ्या वर्षी 'तापते, पण ते चांगलंच आहे'. ही उत्तरं एकमेकांना छेद देतात, पण त्यांना त्याची फिकीर नव्हती. स्वतःची बाजू उभीच करायची नाही, समोरच्याची पाडायची. गौतमांनी वितंडेची व्याख्या केली ती हीच.

माणसावर हल्ला

१९९५ च्या अखेरीस आयपीसीसीच्या दुसऱ्या अहवालात, हवामानावर माणसाचा परिणाम ओळखू येण्याइतका दिसतो आहे, अशा अर्थाचं एक सावध वाक्य आलं. त्या प्रकरणाचे प्रमुख लेखक होते बेन सँटर. अंतिम मसुद्यात त्यांनी इतर शास्त्रज्ञांच्या सूचनांनुसार बदल केले. मंडळाची रीतच तशी होती. १२ जून १९९६ रोजी 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये फ्रेडरिक साइट्झ यांचा लेख आला. आरोप असा की शास्त्रीय परीक्षणाची प्रक्रिया भ्रष्ट झाली आहे. सँटर यांनी चाळीस शास्त्रज्ञांच्या सह्यांसह उत्तर पाठवलं. ते काटछाट करून छापलं गेलं आणि बहुतेक सह्या गळाल्या.

हे साइट्झ कोण? ऐरेगैरे नव्हेत. घनावस्था भौतिकीतले मोठे शास्त्रज्ञ, १९६० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष. नंतर १९७९ पासून आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीच्या कोट्यवधी डॉलरच्या वैद्यकीय संशोधन निधीचे सल्लागार. १९९८ मध्ये क्योटो कराराविरुद्ध एक सह्यांची मोहीम निघाली, तिच्यासोबत साइट्झ यांचं पत्र होतं आणि एक लेख होता, अकादमीच्या नियतकालिकातल्या निबंधासारखा दिसेल असा छापलेला. शेवटी अकादमीलाच जाहीर करावं लागलं की याच्याशी आमचा काही संबंध नाही.

इथे एक प्रश्न मला अस्वस्थ करतो. एवढा मोठा शास्त्रज्ञ हे का करतो? पैशांसाठी, हे सोपं उत्तर आहे, पण ते पुरत नाही. नाओमी ओरेस्केस आणि एरिक कॉनवे या इतिहासकारांनी २०१० च्या त्यांच्या ग्रंथात या माणसांचा मागोवा घेतला आहे. त्यांचं म्हणणं असं की ही शीतयुद्धात घडलेली माणसं होती. साइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एक संस्था काढली, ती राष्ट्राध्यक्ष रीगन यांच्या अवकाशातल्या क्षेपणास्त्र-संरक्षण योजनेचं समर्थन करायला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्यांना नवा धोका दिसला तो सरकारी नियंत्रणाचा. आज धूर काढणाऱ्या चिमणीवर कर, उद्या समाजवाद, अशी त्यांची समजूत. निष्कर्ष राजकीयदृष्ट्या नकोसा, म्हणून आधारविधानंच खोटी ठरवायची. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे उलटं चालणं लगेच दिसेल. पण आपणही हे करतो, घरात, गावात, पक्षात. म्हणून त्यांच्यावर हसताना जरा जपून.

क्योटो आणि भारताचं नाव

१९९७ मध्ये क्योटो कराराच्या वाटाघाटी चालू होत्या. त्या सुमारास उद्योगांनी अमेरिकेत सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरची जाहिरात मोहीम चालवली. तिचं म्हणणं: हा करार जागतिक नाही आणि तो चालणार नाही, कारण भारत, चीन यांच्यासारख्या देशांना यात सूट आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकी सिनेटनं ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला की विकसनशील देशांवर बंधनं नसतील तर असा करार मान्य करू नये.

आपलं नाव त्यात कसं वापरलं गेलं बघा. भारतात आजही दरडोई उत्सर्जन साधारण दोन टन आहे, अमेरिकेत त्याच्या सातपट. कोणी आधी किती कपात करायची हा न्यायाचा प्रश्न आहे, त्यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात आणि भारतानं आपली बाजू मांडलीच पाहिजे. पण 'कोणी भरायचं' या प्रश्नाचा धूर करून 'घडतंय का' हा प्रश्न त्यात लपवायचा, ही चलाखी वेगळी. न्यायसूत्रांच्या यादीत हिला 'छल' म्हणता येईल: बोलणाऱ्याचा अर्थ बदलून त्याला हरवणं. आणि आपल्याकडेही याच्या उलट बाजूनं तोच छल होतो, की अमेरिकेनं प्रदूषण केलं ना, मग तापमानवाढ हे पाश्चात्त्यांचं कारस्थान. विदर्भातल्या उन्हाला हा युक्तिवाद कळत नाही.

एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पुढाकारानं तयार झालेला आणखी एक आराखडा फुटला. त्यात 'विजय' केव्हा मानायचा ते लिहिलं होतं: सरासरी नागरिकाला हवामानविज्ञानातल्या अनिश्चितता 'समजतील' तेव्हा. त्यासाठी या वादात आधी न दिसलेले, नवे, स्वतंत्र वाटतील असे पाच शास्त्रज्ञ शोधून त्यांना माध्यमांशी बोलायचं प्रशिक्षण द्यायचं होतं. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी क्योटोतून अंग काढलं. पुढच्या वर्षी ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन विसर्जित झाली. तिचं काम झालं होतं.

दोन्ही बाजू

पत्रकारांनी हे ओळखलं कसं नाही? त्यांचा एक चांगला गुणच इथे त्यांच्या विरोधात गेला. दोन्ही बाजू द्याव्यात ही पत्रकारितेची शिकवण. मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या चार मोठ्या वर्तमानपत्रांच्या १९८८ ते २००२ मधल्या ६३६ लेखांची पाहणी केली. निम्म्याहून जास्त लेखांत दोन्ही बाजूंना जवळपास सारखी जागा होती. त्याच वर्षी ओरेस्केस यांनी ९२८ शोधनिबंधांचे सारांश तपासले. माणसामुळे तापमानवाढ होते हे नाकारणारा त्यांत एकही सापडला नाही. प्रयोगशाळेत एक बाजू आणि वर्तमानपत्रात दोन! वाचकाचा दोष नाही. त्याला तराजू दाखवला, त्याच्या दोन्ही पारड्यांत सारखं वजन दिसलं.

हे सगळं किती जाणीवपूर्वक होतं, ते रिपब्लिकन पक्षाचे सल्लागार फ्रँक लुंट्झ यांच्या २००२ च्या टिपणात दिसतं. वैज्ञानिक वाद आपल्या विरोधात मिटत चालला आहे, पण अजून मिटलेला नाही. तेव्हा खात्री नसल्याचा मुद्दा लावून धरा, असा सल्ला त्यात आहे. शिवाय 'तापमानवाढ' म्हणण्याऐवजी 'हवामानबदल' म्हणा, तो शब्द कमी भीतिदायक वाटतो. (हवामानबदल हा शब्द लुंट्झ यांचा नव्हे, आयपीसीसीच्या नावात तो १९८८ पासून होता.) वाद मिटतो आहे हे ठाऊक असताना तो मिटला नाही असं सांगत राहायचं. २०१९ मध्ये लुंट्झ यांनी सिनेटच्या समितीसमोर आपण तेव्हा चुकलो, असं कबूल केलं. मधली सतरा वर्षं कोणाला परत मागायची?

एक चूक आणि एक प्रामाणिक संशयी

आता उलट बाजूही तपासू, नाहीतर मीच जल्प करतो आहे असं होईल. शास्त्रज्ञ चुकत नाहीत का? चुकतात. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात, हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील, असं विधान होतं. त्याला नीट आधार नव्हता. आपल्याकडे २००९ च्या अखेरीस त्यावरून मोठा वाद झाला, आणि जानेवारी २०१० मध्ये मंडळानं ती चूक जाहीरपणे मान्य केली. मग जगभर ओरड झाली की बघा, सगळंच खोटं. पण त्या चुकीवर बोट ठेवलं ते हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीच. हिमनद्या वितळताहेत हे तथ्य त्यानं बदललं नाही, फक्त तारीख बदलली. हजारो पानांतलं एक वाक्य चुकलं म्हणून सगळा ग्रंथ रद्द करायचा, तर घरातला पंचांगापासून पाकशास्त्रापर्यंत एकही ग्रंथ उरणार नाही.

आणि खरा संशयी कसा असतो? कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्यूलर यांना तापमानाच्या नोंदींबद्दल खऱ्या शंका होत्या. त्यांनी नव्यानं सगळ्या नोंदी जमवून तपासल्या. निधी देणाऱ्यांत तेल उद्योगातल्या कोक घराण्याशी संबंधित प्रतिष्ठानही होतं. २०१२ मध्ये म्यूलर यांनी जाहीर केलं की तापमानवाढ खरी आहे आणि तिचं कारण जवळजवळ पूर्णपणे माणूस आहे. त्यांचा संशय निर्णयापर्यंत पोचला. 'गॅलिलिओसुद्धा एकटाच होता' असं नाकारणारे नेहमी म्हणतात. गॅलिलिओ एकटा होता म्हणून बरोबर नव्हता. त्याच्याकडे दुर्बीण होती आणि 'तुम्हीही डोळा लावून बघा' असं तो म्हणत होता.

एक शंका मात्र मला आपल्याकडे नेहमी ऐकू येते, आणि ती पगारी नाही, प्रामाणिक आहे. 'हवामान खात्याला उद्याचा पाऊस धड सांगता येत नाही, मग पन्नास वर्षांनंतरचं काय सांगता?' तिचं उत्तर द्यायला हवं. एलआयसीला तुमचा मृत्यू कोणत्या दिवशी होईल हे सांगता येत नाही. पण लाखो माणसांत कोणत्या वयाला किती मृत्यू होतील हे तिला बरोबर कळतं, त्यावरच हप्ता ठरतो. उद्याचा पाऊस म्हणजे एका माणसाचं मरण. हवामान म्हणजे मृत्यूचं कोष्टक. दुसरं आधी कळू शकतं.

आता कुठे आहोत

सरसकट नाकारणं आता कमी झालं आहे. त्याची जागा दुसऱ्या प्रकारांनी घेतली. २००० साली बीपी या तेल कंपनीनं आपली नवी प्रतिमा घडवली, आणि त्यानंतरच्या वर्षांत तिच्या जाहिराती लोकांना विचारू लागल्या, तुमची कार्बन पाऊलखूण किती? कल्पना शास्त्रज्ञांची होती, प्रसिद्धी तेल कंपनीनं दिली. मी दिवे बंद करावेत हे योग्यच. पण रोज लाखो पिंपं तेल विकणाऱ्यानं मला माझ्या दिव्याचा हिशोब विचारावा, यात प्रश्नाची जागा हलते, हे ओळखता आलं पाहिजे.

मग साध्या श्रोत्यानं खरी शंका आणि विकाऊ शंका वेगळी कशी करायची? प्रत्येकाला हवामानशास्त्र शिकणं शक्य नाही. मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारायला सांगत असे, तोच तुम्हाला देतो. शंका घेणाऱ्याला विचारा: काय दाखवलं तर तुमचं समाधान होईल? खऱ्या संशयीकडे याचं उत्तर असतं. म्यूलर यांच्याकडे होतं. वितंडा करणाऱ्याकडे नसतं, कारण समाधान झालं तर त्याचा धंदा बंद होतो. तुम्ही एक पुरावा द्या, तो दुसरा मागेल. दुसरा द्या, तो विषय बदलेल.

आणि जमलं तर हेही पाहा की तो स्वतःच्या व्यवहारात कशावर विश्वास ठेवतो. १९८९ मध्ये शेल कंपनीनं उत्तर समुद्रातल्या एका वायू-मंचाचा आराखडा बदलून तो जास्त उंच केला, समुद्राची पातळी वाढणार हे धरून. शेलही तेव्हाच्या त्या आघाडीतली कंपनी. स्वतःच्या भांडवलाचा प्रश्न आला तेव्हा अधिक संशोधनाची वाट कोणी पाहिली नाही.

या सगळ्यात गेलं काय, तर वेळ. हॅन्सन यांनी साक्ष दिली तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाखांत ३५० च्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणसानं आजवर जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, त्यातला निम्म्याहून जास्त १९९० नंतरचा आहे, म्हणजे सगळं कळल्यानंतरचा. हा वायू शेकडो वर्षं टिकतो. सिगारेटच्या बाबतीत ज्यानं ओढली त्याला, फार तर त्याच्या शेजाऱ्याला भोगावं लागलं. इथे शंका एका देशात विकली गेली आणि तिची किंमत भरणाऱ्यांत असे लोक आहेत ज्यांनी ती जाहिरात कधी पाहिली नाही, आणि असेही, जे अजून जन्मलेले नाहीत.

संशय हा विचार करणाऱ्या माणसाचा ठेवा आहे. तो सोडा असं तत्त्वज्ञानाचा कुठलाही शिक्षक सांगणार नाही. मीही सांगत नाही. फक्त तो कोणाकडून आला, त्याला निर्णयापर्यंत जायचं आहे की नाही, एवढं पाहून मग घरात घ्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.